साडेसाती कोणाची?

नवग्रहांत शनीइतका बदनाम ग्रह दुसरा नाही. मंगळाची धास्ती लग्न जमेपर्यंत. शनीची मात्र जन्मभर. एखाद्याचे दिवस फिरले, की आपण मान हलवून म्हणतो, “त्याला साडेसाती लागलेली दिसते!” या उद्गारात कळवळा किती आणि हात झटकणे किती, असा प्रश्न मला पुष्कळदा पडतो.

शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा. सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे २९.५ वर्षे लागतात. म्हणजे एकेका राशीत त्याचा मुक्काम अदमासे अडीच वर्षे. आपल्या चंद्रराशीच्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास, अशा तीन मुक्कामांची मिळून साडेसाती होते. हिशेब सरळ आहे. पण त्यातून निघणारी एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. बारांपैकी तीन राशींना साडेसाती सदैव चालूच असते. चार माणसे गप्पा मारीत बसली असतील, तर सरासरीने त्यांतला एक जण तिच्या फेऱ्यात असायचाच!

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या कितीतरी जणांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. एवढ्या माणसांत मेषेपासून मीनेपर्यंत सगळ्याच राशी असणार. मग त्यांच्या चुली विझल्या त्या कोणाच्या शनीमुळे?

मी कोणाच्या श्रद्धेची थट्टा करीत नाही. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालून, शनीला तेल वाहून परतणाऱ्या माणसाला एक मोठा आधार मिळालेला असतो : या दुःखाला मुदत आहे, ते सरणार आहे. शनी हा कर्माचे फळ देणारा न्यायाधीश, असे मानून कोणी स्वतःच्या वागण्याचा झाडा घेत असेल, तर तेही चांगलेच. पण हाच न्याय आपण शेजाऱ्याला लावतो, तेव्हा त्याचा निकालपत्र होतो. ‘भोग आहेत त्याचे’ म्हटले, की आपल्याला काही करायचे उरत नाही. स्वतःला धीर देणारा शब्द दुसऱ्याच्या बाबतीत माया आटवतो.

शनिमाहात्म्यातली विक्रमराजाची कथा घरोघरी ठाऊक आहे. चोरीचा आळ आला, हातपाय तुटले, राजा तेल्याच्या घाण्यावर बसला. अखेर शनी प्रसन्न होऊन ‘माग’ म्हणाला, तेव्हा विक्रमाने काय मागितले? मला दिलीस तशी पीडा दुसऱ्या कोणाला देऊ नकोस! साडेसात वर्षे सोसलेल्या माणसाने स्वतःच्या दुःखाचा अर्थ असा लावला. पोथी ऐकताना आपण राजाचे हाल लक्षात ठेवतो आणि हे मागणे विसरतो.

दिवाळीत फराळाची ताटे घरोघर फिरतात. यंदा ज्या घरी नोकरी गेली आहे, आजारपण आहे, अंगणात पणती लागलेली नाही, तिथे पहिले ताट जावे. बरोबर थोडे तेलही न्यावे. रास विचारू नये.