धार, आरती आणि बारा पायऱ्या

महाशिवरात्रीला नंदुरबार जिल्ह्यातून हजारो आदिवासी देवमोगऱ्याला जातात. अक्कलकुव्यापलीकडे, गुजरातच्या हद्दीत, याहा मोगीचं ठाणं आहे. टोपलीत नवं धान्य, बरोबर कोंबडा किंवा बकरा आणि मोहाच्या दारूची बाटली. गुजरातेत १९६० पासून, म्हणजे राज्य झालं तेव्हापासून, दारूबंदी आहे. देवीला मात्र धार पडतेच.

सातपुड्यात जन्म, लग्न, मरण, पेरणी, होळी, कशाचंच पान या धारेशिवाय हलत नाही. आधी देवाला, मग पूर्वजांना, मग जमलेल्यांना. त्यामुळे इथल्या एखाद्या माणसानं ‘मी दारू सोडली’ म्हणणं ही केवळ त्याच्या यकृताची बाब उरत नाही. देवाशी आणि गोताशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेला व्यवहार तो एकटा मोडायला निघालेला असतो. मग सोडायला बळ द्यायचं कुणी? जो देव दारू मागतो, त्यानंच?

याचं एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी देवीनंच दिलं. १९२२ च्या सुमाराला सलाबाई नावाची देवी पालघरच्या किनाऱ्याकडून सरकत दक्षिण गुजरातेत आली आणि तिची लाट खानदेशातही पोहोचली. मांडवात लोक जमत, कुणाच्या तरी अंगात येई आणि आज्ञा सुटे: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या ठेकेदाराकडे मजुरीला जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात देवीच्या आज्ञेमागचं अर्थकारण स्पष्ट दिसतं. १८७८ च्या अबकारी कायद्यानं घरची भट्टी गुन्हा ठरली, दारू ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची वस्तू झाली आणि उधारीपायी जमिनी गेल्या. म्हणजे देवीनं मोडायला सांगितली ती नुसती सवय नव्हती, सावकारीची साखळीही होती. लाट ओसरल्यावर गुजरातेत गावोगाव दोन तट पडले. सोडलेले ते वरजेला, परत वळलेले ते सरजेला. व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या कुणालाही या दोन शब्दांचं नवल वाटणार नाही.

दुसरं उत्तर तळोदा तालुक्यातल्या मोरवडचं. १९३८ मध्ये तिथल्या गुलाम महाराजांनी दर सोमवारी आरती सुरू केली. आंघोळ करून यायचं, दारू-मांस सोडायचं, एकमेकांना ‘आप की जय’ म्हणायचं. माणसांचे लोंढे लोटले. महाराज त्याच वर्षी वारले. भाऊ रामदास महाराजांनी आरती पुढं चालवली, तेव्हा एवढी गर्दी पाहून सरकारच बिचकलं.

गंमत अशी की, याच्या तीनच वर्षं आधी, जून १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा डॉक्टर, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलून सावरले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी पुस्ती जोडून. नास्तिक सभासदांनी हट्टच धरला होता. पुढं कित्येकांनी तर समोर खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनाच आपल्याहून मोठी शक्ती मानलं.

ही पळवाट वाटेल. पण मोरवडच्या सोमवारी याहून वेगळं काय घडत होतं? ज्याला एकट्याला संध्याकाळ काढवत नव्हती, त्याला हजारोंच्या आरतीत ती काढता आली. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण होते. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. देव होता की नाही, हे आढाव्यानं तपासलं नाही. ते त्याचं काम नव्हे.

फरक आहे तो नावाचा. अ‍ॅक्रनच्या वाटेवर माणूस निनावी असतो. मीटिंगला फी नाही, अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. नाव-गाव कुणी विचारत नाही. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावर मात्र कोण कुठं गेला हे सांजेपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तिथं निनावीपण आणायचं कुठून? शहाद्यात १९७२-७३ च्या सुमाराला आदिवासी शेतमजुरांच्या श्रमिक संघटनेतल्या बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली, तेव्हा पिणारा सगळ्यांसमोर उघडा पडला. त्यानं गुत्ता बंद होतो; पण ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्याला उठून आपली गोष्ट सांगायला जागा मिळत नाही. ती जागा तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, कुणाच्या नजरेत न येता मिळाली तर तो येईल.

अशा जागेचा शोध सुरू करायला १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. आणि एक सांगायलाच हवं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं शपथ घेऊन एका दिवसात बंद केलं, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी दवाखाना, मग मीटिंग.

मीटिंगमधला धडा असतो ‘फक्त आजचा दिवस’. पण सातपुड्यात तो आजचा दिवस कधी होळीचा असतो, कधी बापाच्या दिवसाचा. भगत धार सोडतो, पहिला द्रोण थोरल्या मुलापुढं येतो, सगळी भावकी बघत असते. त्यानं काय करायचं, हे बारा पायऱ्यांत लिहिलेलं नाही. द्रोण कपाळाला लावून शेजारच्याकडं द्यायचा, की आधीच भगताच्या कानावर घालायचं, हे त्याला अशाच होळीतून गेलेला कुणीतरी सांगू शकेल.