मंडळीचा मिक्सर आणि मंडळीचा आवाज

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढें एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. पूर्वीं पेटी, ढोलकी आणि झांजा एवढ्यावर आमचें भजन चालत असे. आतां तरुण बंधुभगिनी कीबोर्ड, गिटार व ऑक्टोपॅड घेऊन उपासनेंत सेवा करूं लागले आहेत, आणि हे सर्व आवाज एकत्र जुळवून स्पीकरांत सोडण्याकरितां मिक्सर नांवाचें यंत्र घ्यावें लागतें. पुष्कळ उपदेशक बंधु आम्हांस विचारतात, "पाळकसाहेब, लहान मंडळीनें मिक्सर कोणता घ्यावा?" प्रश्न दुकानाचा दिसतो, परंतु आमच्या अनुभवावरून आम्हांस असें वाटतें कीं, तो नीतीचाहि प्रश्न आहे. कारण ह्या यंत्रापुढें बसलेला मनुष्य क्षणोक्षणीं एकच निवाडा करीत असतो : कोणाचा आवाज ऐकूं यावा, आणि कोणाचा दबावा.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांनीं पाटाच्या पाण्याचा दृष्टांत घ्यावा. मिक्सरांत प्रत्येक माईकास व वाद्यास एकेक दार असतें. 'गेन' नांवाच्या बटणानें आंत किती आवाज घ्यावयाचा तें ठरतें. त्याखालच्या बटणांनीं खर्ज व बारीक स्वर कमीजास्त करितां येतात. 'ऑक्स' नांवाच्या बटणानें गाणाऱ्यांच्या पुढ्यांतील लहान स्पीकरांत किती आवाज पाठवावा तें ठरतें. आणि सर्वांत खालच्या बटणानें लोकांकडे किती जावा तें ठरतें. मग हे सर्व प्रवाह एका पाटांत मिळतात. जो बटणें फिरवितो तो आमचा पाटकरी होय. वरच्या शेतकऱ्याचें दार त्यानें भिडेनें अधिक उघडलें, तर शेवटच्या शेतास पाणी पोंचत नाहीं, हें आपणांपैकीं कोणास सांगावयास नको.

आतां निवडीविषयीं. पहिली गोष्ट मोजणीची. मिक्सराच्या नांवांतील अंक पाहून पुष्कळ जण फसतात. यामाहा कंपनीच्या एमजी मालिकेचें उदाहरण घ्या. एमजी १० एक्सयू ह्याच्या नांवांत १० असले तरी माईक लावण्याच्या जागा ४ च आहेत. एमजी १२ एक्सयू ह्यांत त्या ६ आहेत, आणि एमजी १६ एक्सयू ह्यांत १०. बाकीच्या जागा कीबोर्डासारख्या वाद्यांच्या वायरींसाठीं असतात, आणि एका कीबोर्डाच्या डाव्या-उजव्या मिळून दोन वायरी दोन जागा धरितात. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं कागदावर लिहावें : उपदेशपीठ १, गाणारे २, पेटी १, ढोलकी १, हे माईक ५ झाले. साक्ष देणाऱ्यासाठीं १ मोकळा ठेवावा, एकूण ६. कीबोर्ड व ऑक्टोपॅड ह्यांच्या वायरी वेगळ्या. बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून हिशेब करावा हा प्रभूचा दाखला (लूक १४) येथेंहि लागू आहे.

दुसरी गोष्ट चालविणाऱ्याची. आज मिक्सर दोन प्रकारचे मिळतात. जुन्या पद्धतीच्या मिक्सरांत प्रत्येक कामाचें बटण डोळ्यांपुढें असतें. नव्या डिजिटल मिक्सरांत एकदां जुळविलेलें सर्व स्मरणांत ठेवितां येतें आणि शिट्टी वाजविणारा नेमका स्वर तेवढाच कापितां येतो. बेहरिंगर कंपनीच्या एक्सआर १८ ह्यांत तर माईकाच्या १६ जागा आहेत. परंतु माईकांचा आवाज कमीजास्त करण्याचें एकहि बटण त्याच्या अंगावर नाहीं, तो टॅब्लेटवरून किंवा संगणकावरून चालवावा लागतो. हें यंत्र वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्या एका तरुणास तें येतें तो नोकरीसाठीं पुण्यास गेला, म्हणजे मंडळीच्या हातीं कुलूपबंद पेटी राहते. म्हणून आम्ही म्हणतों कीं, ज्या यंत्राचें काम मंडळींतील निदान तिघे जण शिकूं शकतील, तेंच यंत्र मंडळीचें. एरवीं तें त्या एकाचें.

ह्या दोन गोष्टी आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं, चुकून शिकलों. आमच्या मंडळीनें दोन सुगींचें अर्पण सांठवून पहिला मिक्सर आणिला तो अंक १० पाहूनच. घरीं आणून पाहतों तों माईकाच्या जागा चार. दोष दुकानदाराचा नव्हता. आम्हींच मोजलें नव्हतें. एक माईक आमच्या उपदेशपीठास लागला, दोन गाणाऱ्या तरुणांस, एक ढोलकीस. पेटीस जागा उरली नाहीं. पेटी वाजविणारे आमचे वृद्ध बंधु, ज्यांस सारा गांव मास्तर म्हणतो, हंसून म्हणाले, "असूं द्या, माझी पेटी तशीच ऐकूं येईल." ती ऐकूं आली नाहीं. कीबोर्डाच्या आवाजाखालीं ती बुडून गेली. चार-सहा रविवारांनीं मास्तरांनीं पेटी आणणें बंद केलें, आणि आम्हीं त्यांस कारणहि विचारलें नाहीं. उलट आम्ही मिक्सरावरील मुलास खूण करीत होतों कीं, आमच्या उपदेशाचा आवाज आणखी वाढीव.

पुढें एका रविवारीं भजनाच्या मध्येंच वीज गेली. कीबोर्ड थांबला, ऑक्टोपॅड थांबला, गाणारे थांबले. आणि मग आमच्या ध्यानांत आलें कीं, मंदिरांत कोणीच गात नव्हतें. सत्तर-ऐशीं माणसें समोर बसलीं होतीं, पण एकाच्याहि ओठीं भजन नव्हतें. केव्हांपासून तीं गप्प झालीं होतीं हें आम्हांस ठाऊक नव्हतें, कारण इतक्या मोठ्या आवाजांत तें कळण्यास मार्गच नव्हता. क्षणभर अशी शांतता पडली कीं आम्हांस स्वतःची लाज वाटली. मग मागच्या भिंतीकडून मास्तरांनीं थरथरत्या आवाजांत तेंच भजन उचललें. पहिलें कडवें त्यांनीं बहुतेक एकट्यांनींच म्हटलें. पालुपदाला भगिनींच्या बाजूनें दोन आवाज मिळाले, मग दहा, मग सर्व. त्यानंतर एका आजींनीं आम्हांस सांगितलें, "बाबा, मास्तरांची पेटी स्वर देत होती, तो धरून आम्ही म्हणत होतों. पेटी ऐकूं येईना, तेव्हां वाटलें, आतां आमचें काम संपलें."

वाचकहो, आमच्या भजनाची रीतच अशी आहे कीं, पुढचा म्हणतो आणि मागचे उचलतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं मराठी मंडळीस भजनें व कीर्तन दिलें तें ह्याच देशी रीतीचें. पालुपद उचलणारे जेथें गप्प बसतात, तेथें गाणें उत्तम झालें असेल, पण भजन झालें नाहीं. शलमोनाच्या मंदिराच्या प्रतिष्ठेच्या वेळीं कर्णे वाजविणारे आणि गाणारे जणूं एकच ध्वनि करीत होते, असें दुसऱ्या इतिहासाच्या पांचव्या अध्यायांत आहे. एकच ध्वनि म्हणजे एकाचाच ध्वनि नव्हे.

कोणी म्हणेल, "तर मग हें यंत्रच नको. बापजाद्यांनीं यंत्रावांचून देवाची स्तुति केलीच कीं." आम्हांस हें म्हणणें मान्य नाहीं. मागच्या ओळींत ज्यांस कमी ऐकूं येतें त्यांस शास्त्रपाठ यंत्रावांचून पोंचत नाहीं. एखाद्या मुलीचा गळा गोड पण नाजूक असतो. तिचें भजन पूर्वीं पहिल्या दोन ओळींपलीकडे जात नसे. ज्याचा आवाज मोठा त्यास यंत्राची गरज कमी. ज्याचा लहान त्यास अधिक. जे अवयव अशक्त दिसतात तेच आवश्यक आहेत, असें पौल करिंथकरांस लिहितो (१ करिंथ १२). तेव्हां दोष यंत्राचा नसून आमच्या हाताचा आहे : बलवानांस वाढविण्याकडे आम्ही त्याचा उपयोग केला.

आणि येथें यंत्राचा स्वभावहि आम्हांस तोच धडा शिकवितो. कानास आवाज दुप्पट वाटावा म्हणून सुमारें दसपट विद्युत्शक्ति खर्चावी लागते. परंतु शेजाऱ्याचा आवाज कमी करावयास कांहींच खर्च लागत नाहीं. स्पीकराचा आवाज पुन्हां माईकांत शिरतो, पुन्हां वाढतो, आणि शिट्टी होते. जितके माईक उघडे, तितकी ती लवकर होते. म्हणून जाणता पाटकरी गाणाऱ्याचा शब्द ऐकूं येत नसेल तर आधीं कीबोर्ड कमी करितो, न लागणारे माईक बंद करितो, आणि मगच, लागल्यास, कोणाचा आवाज वाढवितो. प्रत्येक जण "माझा वाढवा" म्हणेल, तर शेवटीं शिट्टीशिवाय कांहीं उरत नाहीं. घरांत व पंचांत आमचे तंटे ह्याहून निराळ्या रीतीनें होतात काय?

मंदिराबाहेरहि आमचे शेजारी आहेत. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, आणि ध्वनिक्षेपकास अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. त्याच वर्षीं ३० ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चेन्नईच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या प्रकरणांत निकाल दिला. तिच्या ध्वनिक्षेपकांचा व वाद्यांचा त्रास होतो अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. दुसऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करावी असें कोणताहि धर्म सांगत नाहीं, असा त्या निकालाचा आशय आहे. हें आम्हांस न्यायालयानें सांगावें लागावें, ही आमच्यासाठीं अभिमानाची गोष्ट नव्हे. भिंतीपलीकडे आजारी मनुष्य निजला असेल तर आमच्या स्तोत्राची साक्ष त्यास कशी पोंचेल?

आमच्या मंडळीनें पुढें पहिला मिक्सर देऊन माईकाच्या सहा जागांचा घेतला. तरुणांस सोळा जागांचा डिजिटल पाहिजे होता; पंचांस पैसाच खर्चावयाचा नव्हता; कागदावर मोजल्यावर दोघांचाहि आग्रह गळून पडला. पहिला माईक पेटीस दिला. त्यासाठीं आम्ही मास्तरांच्या घरीं गेलों आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मला माईक नको होता, मला कोणी विचारावें एवढेंच पाहिजे होतें." हें वाक्य आम्ही विसरलों नाहीं.

आणखी एक नियम आम्हीं केला आहे. दर रविवारीं एका भजनाच्या शेवटच्या कडव्यास मिक्सरावर बसलेला तरुण सर्व आवाज हळूहळू खालीं आणितो, आणि उरतो तो मंडळीचा आवाज. तो भरून आला तर आमचें यंत्र नीट चाललें आहे असें आम्ही समजतों. न आला तर दुरुस्ती कोठें करावयाची तें कळतें. प्रिय बंधूंनो, मिक्सर घेतांना दुकानदारास पुष्कळ विचारा. पण आधीं आपल्या मंडळींत जाऊन विचारा कीं, कोणाचा आवाज आपणांस ऐकूं येईनासा झाला आहे.