अडचण जमिनीची, अडचण माणसाची

न्यू जर्सी राज्यात घराला एखादी खोली वाढवायची असेल आणि ती शेजारच्या हद्दीपासून सोडायच्या अंतरात येत असेल, तर घरमालकाला सूट मागायला गावच्या झोनिंग मंडळापुढे, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचे या नियमांतले अपवाद ठरवणाऱ्या मंडळापुढे, जावे लागते. मंडळावर सात सदस्य असतात, सगळे त्याच गावातले नागरिक. सुनावणीच्या किमान १० दिवस आधी, अर्जदाराच्या जमिनीपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्या प्रत्येकाला नोटीस पोचवावी लागते, वर्तमानपत्रातही ती छापावी लागते. ठरलेल्या संध्याकाळी नगरपालिकेच्या सभागृहात अर्जदार शपथेवर आपले म्हणणे मांडतो. शेजारी प्रश्न विचारतात, तेही शपथेवर हरकती घेतात, आणि सगळ्यांसमोर मतदान होते. मग निर्णयाची कारणे नमूद करणारा लेखी ठराव मंडळाला ४५ दिवसांत करावा लागतो. एका खोलीसाठी हा खटाटोप अनेकांना अतिरेक वाटतो. मला तो मोलाचा वाटतो, आणि धोक्याचाही.

एडिसन आणि आसपासच्या गावांत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याचा अर्ज कसा असेल याची कल्पना करणे अवघड नाही. आई-वडील आता कायमचे मुलाकडे येणार आहेत. वडिलांना जिना चढवत नाही आणि झोपायच्या खोल्या तर सगळ्या वरच्या मजल्यावर. तेव्हा तळमजल्यावर न्हाणीघरासह एक खोली काढायची आहे आणि त्यासाठी बाजूच्या मोकळ्या जागेतले चार फूट हवे आहेत. मुलगा मंडळापुढे वडिलांच्या गुडघ्यांविषयी बोलेल, कारण त्याच्या लेखी खरी अडचण तीच आहे. कायद्याच्या लेखी ती अडचणच नाही. भूखंड अरुंद आहे का, त्याचा आकार वेडावाकडा आहे का, मागे उतार किंवा ओढा आहे का, जुने घर अशा ठिकाणी उभे आहे का की वाढवायला दुसरी बाजूच उरलेली नाही, असे प्रश्न कायदा विचारतो.

हे निष्ठुर वाटले तरी त्यामागचा विचार पक्का आहे. मंडळाने दिलेली सूट जमिनीला मिळते, माणसाला नाही. घर विकले गेले तरी सूट नव्या मालकाकडे जाते. वडील कदाचित दहा वर्षे त्या खोलीत राहतील, पण शेजाऱ्याच्या खिडकीसमोरची भिंत पन्नास वर्षे उभी असेल. शिवाय माणसांची दुःखे तोलायला बसलेले मंडळ ज्याला आपले दुःख चांगले मांडता येते त्याला झुकते माप देईल. ज्याला ते चारचौघांत, परक्या भाषेत मांडता येत नाही, तो रिकाम्या हाती परतेल. जमिनीचा नकाशा मात्र सगळ्यांच्या बाबतीत एकाच भाषेत बोलतो.

अपवाद ठरवणारे वेगळे मंडळ मुळात कशाला लागते, याचे उत्तर १९१६ सालच्या न्यूयॉर्कमध्ये सापडते. आदल्या वर्षी खालच्या मॅनहॅटनमध्ये इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली होती. रस्त्याच्या कडेपासून कुठेही मागे न सरता ती जवळजवळ चाळीस मजले सरळ वर गेली आणि तिच्या सावलीत आजूबाजूच्या कचेऱ्या बुडाल्या. १९१६ मध्ये न्यूयॉर्कने उंची, वापर आणि मोकळ्या जागा यांची सबंध शहरासाठी नियमावली केली. तिच्या प्रमुख शिल्पकारांत एडवर्ड बॅसेट हे वकील होते. इतक्या भूखंडांना एकच नियम लावला की काही थोड्यांवर तो असा बसणार की मालकाला काहीच बांधता येऊ नये, हे तेव्हाच ओळखले गेले. असा मालक कोर्टात जाईल, आणि त्याच्या एका भूखंडापायी सगळी नियमावलीच घटनाबाह्य ठरण्याचा धोका उभा राहील. म्हणून अपिलांचे मंडळ आले. पुढे १९२० च्या दशकात हर्बर्ट हूवर यांच्या वाणिज्य खात्याने राज्यांसाठी नमुना कायदा केला. त्यात पाच जणांचे मंडळ होते आणि सूट द्यायला त्यातल्या चौघांचा होकार लागेल अशी अट होती. अपवादाची ही सोय नियम टिकावा म्हणून झालेली आहे, हे ध्यानात ठेवायला हवे.

अपवाद कधी द्यायचा याची सर्वांत गाजलेली कसोटी एका स्केटिंग रिंकवरून आली. लाँग आयलंडवरच्या लिनब्रुक गावात एका मालकाला निवासी पट्ट्यात येणाऱ्या आपल्या जमिनीवर रिंक वाढवायची होती. १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने ती सूट नाकारली आणि अर्जदाराने काय सिद्ध करायला हवे ते सांगितले. परवानगी असलेल्या वापरांतून त्या जमिनीचे वाजवी उत्पन्न निघत नसले पाहिजे, मागितलेल्या वापराने वस्तीचे रूप पालटता कामा नये, आणि अडचण त्या जमिनीपुरतीच असली पाहिजे, सगळ्या परिसराची नव्हे. यातली शेवटची अट मला सर्वांत खोल वाटते. अडचण साऱ्या गल्लीचीच असेल तर चूक नियमात आहे, आणि नियम बदलण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्यांचा आहे. सात जणांच्या मंडळाने एकेक सूट देत देत गावाचा आराखडा मागच्या दाराने बदलू नये.

हे झाले कागदावर. प्रत्यक्ष सभागृहात काय होते, हे जेसी ड्यूकमिनिअर आणि क्लाइड स्टेपल्टन यांनी केंटकीतल्या लेक्सिंग्टन शहराच्या मंडळाचा अभ्यास करून १९६२ मध्ये लिहिले. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी त्या कारभाराला गैरकारभार म्हटले होते. शेजारी हरकत घेतात की नाही, याला तिथे कायद्याच्या कसोट्यांपेक्षा जास्त वजन मिळताना त्यांना दिसले. ते समजण्यासारखे आहे. मंडळावरचा माणूस त्याच गावात राहतो, त्याच दुकानात भाजी घेतो. समोर वीस शेजारी चिडून बसलेले असताना नकाशातल्या फुटांकडे पाहून होकार द्यायला धैर्य लागते, आणि कोणीच आलेले नसेल तर नकार द्यायलाही लागते.

शेजाऱ्यांना बोलू देणे न्यायाचेच आहे, कारण उजेड, वारा, पावसाचे पाणी आणि गाड्यांची वर्दळ त्यांच्या वाट्याला येते. पण त्याच माइकसमोर उभे राहून माणूस आपले भयही बोलतो. टेक्सासमधल्या क्लीबर्न शहरात बौद्धिक दिव्यांग असलेल्या १३ जणांसाठी एका घराची परवानगी मागितली गेली. नगर परिषदेने ती नाकारली. शेजाऱ्यांचा विरोध आहे, समोरच्या शाळेतली मुले त्या रहिवाशांना त्रास देतील, जागा ५०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात आहे, अशी कारणे पुढे आली. १९८५ मध्ये प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले. त्याच जागी इस्पितळ किंवा वृद्धांचे शुश्रूषागृह काढायला अशी खास परवानगी लागत नव्हती. पूर त्यांनाही आला असता. शेजाऱ्यांची नुसती नापसंती किंवा भीती हे कारण होऊ शकत नाही, असे सांगून न्यायालयाने तो नकार रद्द केला.

न्यू जर्सीतच याहून अलीकडचे उदाहरण आहे. बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये मशिदीचा अर्ज गावच्या नियोजन मंडळापुढे आला. त्या पट्ट्यात प्रार्थनास्थळाला तेव्हा परवानगी होती. तरी ३९ सुनावण्या झाल्या आणि २०१५ च्या अखेरीस अर्ज फेटाळला गेला. वाद मुख्यतः पाण्याचा निचरा, रहदारी, पार्किंग अशा तांत्रिक भाषेत चालला होता. चर्चना लावायच्या प्रमाणाने त्या मशिदीला ५० गाड्यांची जागा पुरली असती. मागितली गेली १०७ गाड्यांची. वर्षभराने फेडरल न्यायाधीशाने हा भेदभाव असल्याचे म्हटले आणि २०१७ मध्ये टाउनशिपने ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. खुली सुनावणी, शपथ, लेखी कारणे हे सगळे तिथे होते. माणसे एकत्र आली की पार्किंगचा आकडासुद्धा मनातला राग बोलू शकतो.

म्हणून या निर्णयांसाठी मी एकच कसोटी धरतो. अर्जदार आणि हरकत घेणारा दोघांनाही मनातल्या मनात बदलून पाहावे, जमीन तीच ठेवावी. अर्जदाराच्या जागी दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या ऐपतीचा, गावात पाच पिढ्या राहिलेला माणूस आणावा. लिहिलेले कारण तरीही तसेच टिकते का? क्लीबर्नमध्ये न्यायालयाने केले ते हेच. अरुंद भूखंडाचे कारण टिकते. पुराचे कारण इस्पितळापाशी आले की गळून पडते. वडिलांच्या गुडघ्यांचे कारणही टिकत नाही, आणि ते मान्य करताना मला वाईट वाटते. त्या मुलाला मी एवढेच सांगेन की घर मुळात भूखंडाच्या एका कडेला का आहे ते मंडळाला दाखव. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असते.

आता मुंबई. इथल्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ६४(ब) हा नियम होता. अडचण स्पष्ट दाखवून देता येत असेल तर आयुक्तांनी कारणे लेखी नोंदवून मापांत सूट द्यावी, एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या प्रमाणात किती बांधता येते त्या मर्यादेत, देऊ नये, आणि आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती यांना बाधा येऊ देऊ नये, असा त्याचा आशय. अमेरिकेतल्या तरतुदीशी त्याचे नाते वाचताक्षणी दिसते. फक्त सभागृह गेले, शेजारी गेला, मतदान गेले. उरली ती इमारत प्रस्ताव विभागातून वर जाणारी फाईल. त्या फाईलमध्ये ‘डेफिशियन्सी’, म्हणजे बाजूची मोकळी जागा किती कमी पडते, याचा तक्ता असतो, आणि कन्सेशन, म्हणजे ही सूट, मंजूर झाले की त्याचा प्रीमियम, म्हणजे ठरलेली रक्कम, महापालिकेकडे भरायचा असतो.

या व्यवहारात अडचण बहुधा जमिनीची नसते. भूखंडावर मिळेल तेवढा एफएसआय आणि वर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरून आणलेला बांधकामाचा हक्क, चढवला की इमारत रुंदावते, बाजूची मोकळी जागा कमी पडते, आणि मग त्या कमी पडण्यालाच अडचण म्हणून पुढे केले जाते. अमेरिकेतली न्यायालये अशा स्वतःच ओढवून घेतलेल्या अडचणीकडे संशयाने पाहतात. इथे ती नकाशा काढतानाच गृहीत धरलेली असते. प्रीमियमचे समर्थन करणारे म्हणतात की दर सगळ्यांना सारखा आहे, त्यात चेहरा पाहिला जात नाही. ते खरे आहे. माणसे बदलून पाहिली तरी दर बदलत नाही. पण दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेतून जो उजेड येतो तो शेजारच्या स्वयंपाकघरात पडत असतो. पैसे महापालिकेला मिळतात आणि अंधार शेजाऱ्याला. ज्याचे जाते त्याला विचारलेले नसते, साधी नोटीसही गेलेली नसते. आणि आग लागली की तीच जागा बंबाला अपुरी पडते.

न्यू जर्सीच्या कायद्यातले एक कलम फारसे कोणाला माहीत नसते. झोनिंग मंडळाने वर्षातून निदान एकदा आपल्याच निर्णयांचा आढावा घ्यायचा, कुठल्या नियमातून पुन्हा पुन्हा सूट मागितली गेली ते पाहायचे आणि नियम बदलण्याची शिफारस करणारा अहवाल द्यायचा, असे ते सांगते. लिनब्रुकच्या त्या अटीचीच ही पुढची पायरी आहे. मुंबईतही तसे एकदा घडले. बाल्कनी, फ्लॉवरबेड, निश, व्हॉइड ही एफएसआयबाहेरची क्षेत्रे बंदिस्त होऊन सर्रास फ्लॅटमध्ये मिसळली जात होती. जानेवारी २०१२ मध्ये, सुबोध कुमार आयुक्त असताना, ती एफएसआयमध्ये मोजायचे ठरले आणि बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के, व्यापारी इमारतींना २० टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय प्रीमियम घेऊन सर्वांना खुला झाला. आयुक्तांच्या मर्जीचा बराच मोठा प्रांत त्या दिवशी नियमात आला. त्या दराविषयी आणि वाढलेल्या घनतेविषयी वाद घालता येईल, पण तो उघड्यावर घालता येतो, कारण आकडा सगळ्यांसमोर छापलेला आहे.

मोकळ्या जागांच्या बाबतीत ते झाले नाही, आणि आज पुनर्विकासात एकेका गल्लीतल्या जुन्या चार मजली इमारती पडून वीस-बावीस मजले उभे राहत असताना त्याची गरज सर्वांत जास्त आहे. लगतच्या सोसायट्यांना आधी नोटीस जावी, त्यांच्या हरकतींवर लेखी उत्तर मिळावे, कन्सेशनचे कारण जमिनीच्या कोणत्या वैशिष्ट्यातून येते ते एका पानावर लिहून ते पान कामाच्या जागेवरच्या फलकावर लावले जावे. मंजुरीचा अधिकार आयुक्तांकडेच राहू द्या. सात शेजाऱ्यांच्या हाती तो दिला तर बर्नार्ड्स इथेही घडेल, आणि कोणाला घर द्यायचे नाही हे आपल्या सोसायट्या कसे ठरवतात ते आपण जाणतो. पण ज्याची खिडकी बंद होणार आहे त्याला ते खोदकाम सुरू होण्याआधी कळले पाहिजे, आणि का बंद होते आहे हे मराठीत वाचता आले पाहिजे.