झाडाची भरपाई झाडाने होते काय?

हैदराबादच्या पश्चिमेस, विद्यापीठाला लागून, सुमारे ४०० एकरांचा एक खडकाळ प्रदेश आहे. त्याचे नाव कांचा गच्चीबावली. तेलुगूत 'कांचा' म्हणजे गायरान, न कसलेली जमीन. दप्तराच्या भाषेत अशी जमीन पडीक ठरते. प्रत्यक्षात तेथे करड्या खडकांच्या टेकड्या आहेत, त्यांच्या फटींतून वाढलेली झाडेझुडपे आहेत, मोर आणि हरणे आहेत. मार्च २०२५ च्या अखेरीस, सुटीच्या दिवसांत, तेथे यंत्रे शिरली आणि सुमारे १०० एकरांवरील झाडोरा आडवा झाला. विद्यार्थ्यांनी आवाज उठविला. ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन काम थांबविले. पुढे १६ एप्रिलला ही जागा पूर्ववत कशी करणार, याचा आराखडा राज्याकडे मागितला.

सरकारचे म्हणणे असे की जमीन सरकारची आहे, ती जंगल नाही, आणि तेथे उद्योग आले तर तरुणांना काम मिळेल. हे म्हणणे आपण हसण्यावारी नेऊ नये. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आणि पोटासाठी या शहरात आलेली मराठी घरे थोडी नाहीत. आपण ज्या घरांत राहतो तीही कोणत्या तरी माळावर, कोणता तरी खडक फोडूनच उभी राहिली. तेव्हा झाड तोडणे हेच पाप, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

प्रश्न वेगळा आहे. 'एक तोडले तर दोन लावू' असे आपण सहज म्हणतो. तेलंगणात २०१५ पासून हरित हारम या योजनेखाली कोट्यवधी रोपे लावली गेली. ते काम चांगलेच. पण शंभर रुपयांचे कर्ज शंभर रुपयांनी फिटते, तसे हे ऋण फिटते काय?

हैदराबादहून श्रीशैलमला जाताना नल्लमलाचे डोंगर लागतात. येथील अमराबाद व्याघ्र प्रकल्प २,६११ चौरस किलोमीटरचा आहे. धावडा, सालई, तेंदू, साग अशी नाना झाडे तेथे एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. अशा डोंगरी वनात दरसाल वणवा पेटला, गुरे अति चरली, तर मोठी झाडे तशीच दिसतात. दुरून डोंगर हिरवाच वाटतो. पण खाली नवे रोप टिकत नाही आणि मोकळ्या जागी घाणेरी माजते. झाडे मोजली तर तूट दिसत नाही. जाती मोजल्या तर दिसते.

याच रानात फिकट सालीचे कांडोळ आढळते. त्याचा डिंक चेंचू लोक गोळा करून विकतात. खोड बेताने खाचले तर जखम भरून येते आणि झाड पुन्हा देते. अधिक डिंकाच्या लोभाने खोल घाव घातला तर झाड वाळते, आणि मग डिंकही गेला, झाडही गेले. घेणे आणि राखणे ही येथे दोन कामे नाहीत, एकच आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या विसाव्या अध्यायात, युद्धाविषयी एक आज्ञा आहे. नगराला वेढा घालणाऱ्या सैन्याने फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये. इतर झाडे मात्र लागतील तशी तोडावीत. आज्ञा गरज नाकारत नाही, मर्यादा घालते. आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात येते. ही आज्ञा पाळायची तर सैनिकाला कोणते झाड कोणते हे ठाऊक असले पाहिजे. घाव घालण्यापूर्वी थांबून पाहिले पाहिजे. यंत्र थांबत नाही आणि विचारीत नाही.

म्हणून भरपाईचा हिशेब आपण संख्येने मांडतो तेथेच चुकतो, असे आम्हांस वाटते. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ते आपल्या लेखी पडीकच असते, आणि जे पडीक ते गेल्याचे दुःखही होत नाही.

वाचकहो, न्यायालय यंत्र थांबवू शकते. पाहण्याची सवय मात्र आपणच लावून घ्यावयाची असते. या पावसाळ्यात मंदिराच्या आवारातील एखादा कोपरा न झाडता, न खुरपता तसाच ठेवावा. तेथे आपोआप काय उगवते ते मुलांबरोबर पाहावे, आणि गावाकडील एखाद्या आजीला त्यांची नावे विचारावीत. तिला ती ठाऊक असतील. आपल्यानंतर ती कोणाला विचारावयाची, हाच खरा प्रश्न आहे.