निकियात न झालेलं मतदान

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या गटावर एक रील आलं. मागे ढोलताशे आणि पुढे धडाधड येणारी अक्षरं: सन ३२५, सम्राट कॉन्स्टंटाइन, निकिया, टेबलावर ऐंशी शुभवर्तमानं, मतदान, चार पास, बाकीची जाळली. खाली अंगठ्यांची रांग. त्यात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांचाही अंगठा होता, तो मला जास्त लागला. फोन केला तर म्हणाले, "अहो, तपशील सोडा. मुद्दा बरोबर आहे ना? धर्मग्रंथ शेवटी राजाच ठरवतो."

तपशील सोडल्यावर मुद्दा बरोबर राहतो, ही सोय मला मान्य नाही. इथे तर तपशील सोडला की मुद्दाच उलटा होतो.

रीलचा उगम उघड आहे. २००३ साली आलेल्या 'द दा विंची कोड'मध्ये एक ऐटबाज विद्वान ही कथा सांगतो, आणि तेव्हापासून ती इतिहास म्हणून फिरते आहे. पण ती त्या कादंबरीकाराचीही नाही. 'सिनोडिकॉन वेटुस' नावाचा नवव्या शतकाच्या आसपासचा एक ग्रीक ग्रंथ आहे. त्यात म्हटलंय, की निकियात सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवली, प्रार्थना केली, आणि खरी ती वर आली, खोटी खाली राहिली. पाच शतकांनंतर कुणा श्रद्धाळूने रचलेला हा चमत्कार. व्हॉल्टेअरने अठराव्या शतकात त्याची टर उडवली. मग चमत्कार गळला आणि त्याच्या जागी कारस्थान आलं, पण सांगाडा तोच राहिला: एक दिवस, एक सभागृह, एक निकाल. भाविकाला तो दिवस देवाचा हवा असतो, भांडाफोड करणाऱ्याला राजाचा. तो दिवसच नव्हता, हे दोघांनाही पचत नाही.

निकियात काय झालं ते थोडक्यात. तीनशेच्या आसपास बिशप धर्मसभेला जमले. पुत्र पित्याच्या बरोबरीचा की त्याने निर्माण केलेला, हा एरियस नावाच्या याजकाने पेटवलेला वाद होता. त्यावर श्रद्धाविधान ठरलं. कादंबरीतला विद्वान म्हणतो तसं निसटत्या मतांनी नव्हे, अखेरीस अवघ्या दोन बिशपांनी सही नाकारली. ईस्टर कधी साजरा करायचा ते ठरलं. आणि वीस 'कॅनन' झाले. याजकाने व्याजाचा धंदा करू नये, रविवारी प्रार्थना उभ्याने करावी, असे. पुस्तकांविषयी त्यात एक ओळ नाही.

मला वाटतं अर्धा घोळ या 'कॅनन' शब्दाने केलाय. मूळ ग्रीक अर्थ सरळ काठी, गवंड्यासुताराची मोजपट्टी. त्यावरून नियम. पुस्तकांची यादी हा अर्थ चौथ्या शतकात, तोही निकियानंतर रुळला. मोजपट्टीची यादी झाली, या एका वळणावर सगळे घसरतात. दुसऱ्या शतकातल्या मार्सियनची आखूड यादी, त्याच शतकातल्या बिशप आयरेनियसचा चारच शुभवर्तमानांचा आग्रह, हे अनेकदा लिहून झालंय. मी थेट ऱ्होससला जातो.

ऱ्होसस हे सिरियाच्या किनाऱ्यावरचं गाव, काळ साधारण सन २००. अंत्युखियाचा बिशप सेरापियन तिथे गेला, तर मंडळीत कुरबुर. काही जण 'पेत्राचं शुभवर्तमान' वाचत होते, काहींना ते खटकत होतं. सेरापियनने पुस्तक न वाचताच सांगून टाकलं, एवढ्यावरून भांडता कशाला, वाचा की. (ज्येष्ठ मंडळी आजही असेच तंटे मिटवतात.) पुढे कानावर आलं, की त्या पुस्तकाच्या आडून वेगळीच शिकवण पसरते आहे. तेव्हा त्याने ते वापरणाऱ्यांकडूनच प्रत मागून घेतली, बसून वाचली आणि मंडळीला कळवलं: बहुतेक मजकूर ठीक आहे, काही गोष्टी पदरच्या घातल्या आहेत, त्या अशा अशा. मी लवकरच येतो.

सम्राट नाही, मतदान नाही. चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या बिशप युसेबियसने जपलेल्या त्या उताऱ्यात जाळण्याचा हुकूमही नाही. त्या शुभवर्तमानाचा एक तुकडा १८८६-८७च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीमला एका थडग्यात सापडला, आणि ती प्रत सेरापियननंतर कित्येक शतकांनी लिहिलेली आहे. म्हणजे कुणीतरी ते उतरवून घेतच होतं. सेरापियनपुढचा प्रश्न 'हे यादीत आहे का' असा नव्हता. 'हे आपल्यात वाचायचं का', एवढाच होता.

शंभरेक वर्षांनी युसेबियसही तेच करतो. कुठल्या मंडळ्यांत काय वाचलं जातं ते पाहून तो पुस्तकांचे ढीग लावतो: सर्वमान्य, वादातली, खोटी. 'प्रकटीकरणा'पाशी त्याचा हात अडखळतो. ते तो सर्वमान्यांत घालतो, कुणाला पटलं तर म्हणून, आणि खोट्यांतही. हाच माणूस निकियात हजर होता. कॉन्स्टंटाइनने पुढे चर्मपत्रावरच्या पन्नास प्रती मागवल्या त्याही त्याच्याकडूनच. कोणती पुस्तकं घालायची, हे सम्राटाच्या पत्रात नाही. निकियानंतर काही दशकांत लिहिलेल्या सिनाई पोथीत नव्या कराराच्या शेवटी 'बर्नबाचं पत्र' आणि 'हर्मासचा मेंढपाळ' सुखेनैव बसले आहेत. निकियात निकाल लागला होता, तर त्या लेखनिकाला कुणी सांगितलं नव्हतं का?

सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी पहिल्यांदा दिसते ती ३६७ साली, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या पत्रात. असं पत्र ईस्टरची तारीख कळवायला इजिप्तच्या मंडळ्यांना दरवर्षी जायचं. अथनेशियसही तरुणपणी निकियात होता, पण यादीसाठी त्या सभेचा हवाला देत नाही. या यादीत अधिकाराची धार आहे, हे मी नाकारत नाही. त्याला विरोधकांची पुस्तकं बंद पाडायचीच होती. तरी 'मेंढपाळ' यादीबाहेर ठेवूनही तो म्हणतो, नव्याने येणाऱ्यांना वाचायला द्या. वाचनाचा जुना प्रश्न अजून मेलेला नाही.

यादीचा प्रश्न पूर्ण जिंकला तो फार पुढे. जुन्या सिरियाक बायबलच्या नव्या करारात बावीसच पुस्तकं होती. ल्यूथरने १५२२ साली आपल्या जर्मन नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण अनुक्रमांक न देता शेवटी ढकलली. त्यानंतर रीलवाल्यांना हवं असलेलं मतदान खरंच झालं, फक्त १५४६ साली, ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेत. यादी न मानणाऱ्याला धर्मबाह्य ठरवायचं का, यावर चोवीस बाजूने, पंधरा विरोधात, सोळा तटस्थ. आणि सम्राटापेक्षा परिणामकारक ठरला तो एक आर्थिक नियम. लंडनच्या बायबल सोसायटीने १८२६ साली ठरवलं, की जुन्या करारात कॅथलिकांची जास्तीची पुस्तकं असलेल्या बायबलला आमचा पैसा नाही. सोसायटीच्या मराठी 'पवित्र शास्त्रा'त सहासष्ट पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलमध्ये त्र्याहत्तर.

वसईत एका मित्राच्या लग्नाला गेलो होतो. मिस्सात तोबितच्या पुस्तकातला उतारा वाचला, लग्नाच्या रात्रीची नवराबायकोची प्रार्थना. माझ्याबरोबर नगरचा एक मित्र होता, तीन पिढ्यांचा प्रोटेस्टंट. मोबाइलवर बायबल उघडून तो शोधत राहिला, पुढे गेला, मागे आला. शेजारच्या आजींनी आपलं पुस्तक त्याच्यापुढे धरलं.

"तुमच्यात तोबित नाही?"

"नाही, आजी."

"अगोबाई. मग लग्नात वाचता काय?"