रुमालात बांधलेला जिल्हा

१८७५च्या मे-जून महिन्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत जे दंगे झाले, त्यांत माणसं फारशी मेली नाहीत. जळाले ते कागद. १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली आणि लोण पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पोचलं. जमाव सावकाराच्या दारी जाई, खतं आणि रोखे मागे, हाती पडले की गावासमोर जाळी. सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावत नसे. लोकांचा राग नेमका कशावर होता, हे यावरून कळतं. कर्ज कुळाच्या नावावर, अंगठा कुळाचा, पण खताची प्रत एकच आणि ती सावकाराच्या पेटीत. त्यात शंभराचे दोनशे कधी झाले, हे कुळाला कोर्टाचा बेलिफ दारात आल्यावर समजायचं.

इंग्रज सरकारनं चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १८७६ साली आला आणि त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा झाला. त्या कायद्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते: शेतकऱ्याचं खत गावनिबंधकासमोर लिहायचं आणि त्याच्या वहीत नोंदवायचं. म्हणजे दुसरी प्रत, तीही तिसऱ्याच्या हाती. कायद्यानं सावकारी संपली नाही, हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुखणं कुठे आहे, हे त्या कलमानं ओळखलं होतं. सरकारी दप्तरं आणि विद्यापीठांतलं संशोधन खुल्या डिजिटल ग्रंथालयात ठेवण्याची चर्चा आपण सध्या तंत्रज्ञानाची म्हणून करतो. मुळात तो प्रश्न या दुसऱ्या प्रतीचा आहे: ती आहे का, कुणाकडे आहे आणि ज्याचं नाव कागदावर आहे त्याला ती कुणाच्या पाया न पडता पाहता येते का.

गंमत अशी, की त्या दंग्यांचा दीडशे वर्षांपूर्वीचा अहवाल आज पारनेरच्या एसटी स्टँडवर बसून मोबाइलवर वाचता येतो. १८८४चं नगर जिल्ह्याचं गॅझेटियर राज्याच्या दर्शनिका विभागानंच संकेतस्थळावर ठेवलं आहे. नगरच्या अमेरिकन मराठी मिशननं आपल्या मायदेशी धाडलेले अहवालही परदेशी ग्रंथालयांनी स्कॅन केल्यामुळे घरबसल्या चाळता येतात. पण १९७२च्या दुष्काळात याच तालुक्यात कोणत्या गावी पाझर तलाव झाला, त्यावर किती माणसं होती आणि त्यांना काय मजुरी मिळाली, हे शोधायला निघा. उत्तर एखाद्या तालुका कचेरीच्या अभिलेख कक्षात, रुमालात बांधलेलं असेल, किंवा नसेल. राणीच्या राज्यातला नगर जिल्हा आपल्याला जास्त सहज वाचता येतो, आणि आपण स्वतः मतं देऊन चालवलेला जिल्हा मात्र गाठी सोडल्याशिवाय दिसत नाही.

आणि हे घडतंय ते नगरात! सरकारी कागद कसा ठेवावा, हे सगळ्या महाराष्ट्राला ज्या जिल्ह्यानं शिकवलं, तिथे. ज्यानं शासकीय कार्यालयात एक दिवसही नोकरी केली आहे, त्याला ‘लखिना पॅटर्न’ समजावून सांगावा लागत नाही. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अनिलकुमार लखिना नगरला जिल्हाधिकारी होते. धुळीत पडलेलं दप्तर त्यांनी बाहेर काढलं, निवडलं, लावलं आणि कारकुनाच्या टेबलाची रचनाच बदलली. सहा गठ्ठ्यांची पद्धत ती हीच: प्रलंबित प्रकरणं वेगळी, ज्यांच्या उत्तराची वाट आहे ती प्रतीक्षाधीन वेगळी, मग नियतकालिकं, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि शेवटी नष्ट करायचे ‘ड’ वर्गातले. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा, ‘ड’ एका वर्षाचा, ही विभागणी आजही प्रशिक्षणात घोकून घेतात. एका जिल्ह्यातला प्रयोग राज्यभर गेला, हे आपल्याकडे वारंवार होत नाही.

मला या पद्धतीबद्दल आदर आहे, म्हणूनच तिची हद्दही सांगितली पाहिजे. ती कार्यालयासाठी आहे. साहेबांनी मागितलेली फाईल पाच मिनिटांत सापडावी, हा तिचा हेतू, आणि तो तिनं साधला. पण कक्षात काय काय आहे याची सूची कक्षातच राहते. बाहेरच्या माणसाला काय मागावं हेच माहीत नसतं. शिवाय कागदाचं आयुष्य ठरतं ते कार्यालयाला तो किती दिवस लागेल यावर. उद्या तो कुणाला, कशासाठी लागेल, हा विचार त्या वर्गवारीत बसत नाही. बसावा तरी कसा?

तो विचार किती महत्त्वाचा आहे, हे २०२३ साली आपण पाहिलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यातल्या तहसील कचेऱ्या, भूमी अभिलेख, शाळा, तुरुंग, सगळीकडची दप्तरं उघडली. जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, कुळ नोंदवह्या, खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं यांतून राज्यभरात पन्नास लाखांवर नोंदी निघाल्या. ज्या कोतवालानं शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मरणाची नोंद करताना जातीचा रकाना भरला, त्याला आपण आरक्षणाचा पुरावा लिहीत आहोत याची कल्पनाही नसणार. मोडी वाचणाऱ्यांना त्या महिन्यांत जो भाव आला, तो त्यांच्या उभ्या आयुष्यात आला नव्हता. नोंदी स्कॅन करून जिल्हाधिकाऱ्यांच्या संकेतस्थळांवर टाकाव्यात असा आदेश निघाला आणि अनेक ठिकाणी त्या गावनिहाय पीडीएफच्या रूपात लागल्याही. राजकारणाचं काय व्हायचं ते होवो. पण आंदोलनाच्या रेट्यानं का होईना, दप्तर पहिल्यांदा घाऊक प्रमाणात बाहेर आलं. मात्र आलं ते एकाच प्रश्नाचं उत्तर म्हणून. त्याच वह्यांतली साथीच्या रोगांची, बालमृत्यूंची, स्थलांतराची नोंद ज्याला अभ्यासायची आहे, त्याच्यासाठी रुमालाची गाठ पुन्हा बसली.

खरं तर यासाठी आंदोलनाची गरज पडायला नको होती. माहितीच्या अधिकाराचा कायदा यावा म्हणून राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३मध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं, राज्याचा कायदा लागू झाला, २००५ साली देशाचा आला. तो आपल्याला अर्जापुरता ठाऊक आहे: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस, पहिलं अपील, दुसरं अपील. त्यातलं कलम ४ कुणी फारसं वाचत नाही. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले सर्व अभिलेख सूचीबद्ध करावेत, शक्य ते संगणकावर आणावेत, आणि लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी इतकी माहिती आपणहून जाहीर करावी, असं ते सांगतं. अर्ज ही पळवाट होती, राजरस्ता कलम ४ हा होता. आपण पळवाटेलाच टोलनाका बसवला. एकानं अर्ज करून मिळवलेली माहिती त्या एकाच्याच पिशवीत जाते. शेजारच्यानं तीच मागितली, की पुन्हा दहा रुपये, पुन्हा तीस दिवस. आणि शेवटी ते ओळखीचं वाक्य येतं: सदर संचिका उपलब्ध अभिलेखात आढळून येत नाही.

संशोधनाचं चित्र थोडं बरं आहे, पण थोडंच. प्रवरा आणि गोदावरी कालव्यांनी या भागाचं अर्थकारण कसं बदललं, याची पाहणी धनंजयराव गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटतर्फे केली आणि ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास विठ्ठलराव विखे पाटील प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करत होते आणि त्याचं अध्यक्षपद गाडगीळांकडेच आलं. अभ्यास करणारा आणि कारखाना चालवणारा एकच माणूस, असा योग दुर्मीळ. आज पुण्याच्या त्याच संस्थेचं ग्रंथालय गाडगीळांच्या नावानं ओळखलं जातं आणि त्यानं आपल्या संग्रहातली हजारो जुनी पुस्तकं, सरकारी अहवाल, समित्यांची कागदपत्रं स्कॅन करून खुल्या भांडारात ठेवली आहेत. जुन्या मुंबई इलाख्यावर काम करणाऱ्याला त्या फायलींचं पहिलं पान तोंडपाठ असतं: मध्यभागी ग्रंथालयाचं नाव, खाली ‘जीआयपीई-पुणे’ आणि एक क्रमांक. ना लॉगिन, ना शिफारसपत्र. महाराष्ट्रात याला तोड कमी आहे.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं पाहा. १९६८पासून तिथे शेकडो विद्यार्थ्यांनी ज्वारी, ऊस, डाळिंब, कोरडवाहू जमीन यांवर प्रबंध लिहिले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं २०१३ साली खुल्या उपलब्धतेचं धोरण स्वीकारलं आणि ‘कृषिकोश’ या भांडारात देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध जमू लागले, त्यात राहुरीचेही आहेत. शेतकऱ्याच्या हाती मात्र अजून विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ डायरीच असते. तिथून मूळ प्रबंधापर्यंत जाणारी वाट कुणी आखलेली नाही, आणि प्रबंध इंग्रजीत. इतर विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात. तिथे एखादा मराठी प्रबंध उघडून बघा. मुखपृष्ठ एका फायलीत, प्रमाणपत्र दुसऱ्या, प्रत्येक प्रकरण निराळ्या. त्यातला परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, की अनेकदा मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा पडतो, कारण टंकलेखन जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात झालेलं असतं. शोधयंत्राला असा प्रबंध दिसतच नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सांकेतिक लिप्यांत ठेवले होते. आपण तोच परिणाम काही न ठरवता साधला.

स्कॅन केलं म्हणजे काम झालं, ही सरकारी समजूत इथेच उघडी पडते. कोनाडा कागदाचा असो की सर्व्हरचा, सूची नसेल तर दोन्ही सारखेच अंधारे. आणि नगरसारख्या जिल्ह्याची सूची करणं म्हणजे पोरखेळ नाही. नाशिक जिल्हा १८६९ साली वेगळा झाला. त्याआधीचे तिकडचे पुष्कळ कागद नगरच्या नावाखाली असणार. इंग्रजांनी जिल्ह्याचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी लिहिलं. २०२४मध्ये जिल्हा अहिल्यानगर झाला. नाव कोणतं असावं यावर भांडायला माणसं भरपूर मिळाली. या सगळ्या नावांखालचे कागद एका शोधात यावेत म्हणून सूची जोडणारा माणूस मात्र एकाही कचेरीच्या आस्थापनेवर दिसत नाही. राज्याचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा २००५चाच आहे, पण अभिलेख कक्षातली बदली ही अजूनही शिक्षाच समजली जाते.

प्रतींचा मुद्दा नगरकरांना तरी नव्यानं सांगायला नको. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९० साली नेवाशात सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतलेली मूळ पोथी आज कुठे नाही. ग्रंथ मात्र आहे, कारण गावोगावी लोकांनी तो उतरवून घेतला. उतरवताना अपपाठ शिरले, तेव्हा शके १५०६मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. अनेक प्रती आणि त्या ताडून पाहणारं एक जाणतं मन, एवढ्यावर सात शतकं निभावली. उलट, ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा सरकारी पैशानं उभा राहिलेला लाखो पुस्तकांचा प्रकल्प पुढे प्रताधिकाराच्या वादात बंद पडला. त्यातली पुस्तकं आज वाचता येतात, ती कार्ल मालामुद नावाच्या अमेरिकन कार्यकर्त्यानं त्यांची नक्कल इंटरनेट अर्काइव्हवर चढवून ठेवली होती म्हणून. आणि तो अर्काइव्हही ऑक्टोबर २०२४मध्ये हल्ला होऊन काही दिवस बंद होता. सॅन फ्रान्सिस्कोवर तरी किती विसंबायचं? २१ जून २०१२ला मंत्रालय जळालं, तेव्हा ज्या फायलींची दुसरी प्रत नव्हती, त्यांचा विषयच संपला.

सगळंच उघडावं असं मात्र मी म्हणणार नाही. जन्ममृत्यूच्या वहीत जिवंत घराण्यांच्या जाती, आजार, अनौरस संततीसुद्धा असते; ती सरसकट जालावर टाकणं हा अन्याय होईल. पण खासगीपणाचं निमित्त हल्ली फार स्वस्त झालंय. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८मधली खासगी माहितीची सूट इतकी रुंद केली, की पूर्वी तिथे असलेली सार्वजनिक हिताची चाळणी त्या उपकलमातून निघूनच गेली. लाभार्थ्यांची यादी, ठेकेदाराचं नाव, सगळं ‘वैयक्तिक’ होऊ शकतं. सावकाराच्या पेटीला इतकं सोयीचं कुलूप १८७५ साली नव्हतं.

म्हणून सुरुवात करायची तर जिथे खासगी असं काहीच नाही तिथून करावी. नगरची जिल्हा परिषद १ मे १९६२ला अस्तित्वात आली. वार्षिक प्रशासन अहवाल तिला कायद्यानंच काढावा लागतो. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दर वर्षी जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन छापतं. अलीकडची वर्षं संकेतस्थळावर मिळतात. या छापील वस्तू आहेत. त्यांत शाळाखोल्या आहेत, विहिरी आहेत, जनावरांचे दवाखाने आहेत, कुणाच्या घरातली गोष्ट नाही. एखाद्या महाविद्यालयाचं ग्रंथालय, एक बरा स्कॅनर आणि मराठी नीट टंकणारी दोन मुलं एवढ्यात हे काम होतं. ‘नॅक’च्या भेटीसाठी फ्लेक्स छापण्यापेक्षा स्वस्तात. परवानगीचं म्हणाल, तर सरकारी प्रकाशनाचा प्रताधिकार साठ वर्षांचा असतो. १९६४ अखेरपर्यंत छापलेला प्रत्येक अहवाल १ जानेवारी २०२५पासून कुणालाही, कुणाला न विचारता, खुला करता येतो. पहिल्या दोन-तीन वर्षांचे अहवाल जिल्ह्यात कुणाकडे शिल्लक आहेत, एवढंच आता शोधायचं आहे.