फाटक नसलेल्या शहरातला गुन्हा

बर्लिनच्या भुयारी रेल्वेत शिरताना कुठेही फाटक आडवे येत नाही. जिना उतरला की थेट फलाट. ऊ-बान म्हणजे ही भुयारी रेल्वे, एस-बान म्हणजे उपनगरी रेल्वे, ट्राम, बस या सगळ्यांना एकच तिकीट चालते. फलाटावरच्या यंत्रात त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा, मग पुढचे दोन तास एका दिशेने हवी तितकी वाहने बदला. शिक्का राहिला तर पैसे मोजलेले तिकीटही बिनकामाचे. साध्या कपड्यांतले तपासनीस मधूनच डब्यात चढतात आणि विनातिकीट सापडलेल्याला ६० युरो दंड करतात.

मला ही व्यवस्था मनापासून आवडते. बाबागाडी ढकलणारी आई असो की कुबड्यांवरचा म्हातारा, यंत्र कुणाची वाट अडवत नाही. फाटक मुंबईच्या लोकललाही नाही. पण लंडन-पॅरिसच्या मेट्रोंनी ती लावलेली असताना बर्लिनने लावली नाहीत, यात नागरिकावरचा विश्वास दिसतो.

हा विश्वास मात्र सगळ्यांना सारखा मिळत नाही. ज्याच्याकडे महिन्याचा पास आहे, त्याला रोजच्या प्रवासात तिकिटाचा विचारही करावा लागत नाही. स्वतःच्या नावाचा पास तो घरी विसरला, तर नंतर दाखवून किरकोळ रक्कम भरली की प्रकरण मिटते. ज्याच्या हातात महिन्याची रक्कम एकदम येत नाही, त्याच्यापुढे प्रत्येक फेरीला प्रश्न उभा राहतो: आज तिकीट काढू की जेवू? त्याची चूक विसराळूपणात जमा होत नाही. ती गुन्हा ठरते.

तेही शब्दशः. जर्मन दंडसंहितेतले कलम २६५-अ नाझी राजवटीत, १९३५ साली आले आणि आजही लागू आहे. विनातिकीट प्रवासाला त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद आहे. हा दंड न्यायालयाचा. ६० युरो वेगळे. पुष्कळदा निकाल टपालाने येतो, न्यायाधीशांचे तोंडही न पाहता. ज्याला घर नाही किंवा जो व्यसनात बुडाला आहे, त्याच्यापर्यंत ते पत्र पोचतेच असे नाही. दंड थकला की त्याच्या बदल्यात तुरुंग. बर्लिनमध्ये अशी माणसे प्लोट्झेनझेच्या तुरुंगात दिवस काढतात. तिथे एका कैद्याचा एका दिवसाचा सरकारी खर्च त्या ६० युरोंहून कितीतरी जास्त आहे. २०२१ पासून ‘फ्रायहाइट्सफाँड्स’ हा उपक्रम देणग्या गोळा करून अशा कैद्यांचे दंड भरतो आणि त्यांना सोडवतो. एखाद्या श्रीमंत देशात वर्गणी काढून गरिबांना तुरुंगातून सोडवावे लागते, याचा मला संताप येतो.

यावर इमानाने तिकीट काढणारा विचारेल, मग मी मूर्ख आहे का? त्याचा प्रश्न रास्त आहे. गाड्या पैशावर चालतात आणि फुकट्यांचा भार त्याच्यावरच पडतो. पण त्यासाठी ६० युरोंची वसुली आहेच. ती बंद करा असे कुणी म्हणत नाही. त्याच शहरात पैसे न भरता मोटार उभी करणे हा फक्त नियमभंग आहे, फौजदारी गुन्हा नाही. मोटारवाल्याला जी सवलत मिळते, ती ट्रामच्या प्रवाशाला का नाही, याचे पटणारे उत्तर मी अजून ऐकलेले नाही.

२०२३ मध्ये कोलोन आणि ड्युसेलडॉर्फच्या नगरसभांनी अशा प्रवाशांविरुद्ध फौजदारी तक्रारी न करण्याचे ठरवले. कलम बदलण्याचा प्रस्ताव केंद्रीय न्यायमंत्री मार्को बुशमान यांनीही मांडला होता, पण २०२४ च्या नोव्हेंबरात सत्ताधारी आघाडीच फुटली. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून दंडाच्या बदल्यातले कैदेचे दिवस निम्मे झाले होते. तेवढीच सुधारणा पदरात पडली. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारी मदतीवर जगणाऱ्यांसाठीचा बर्लिनचा सवलतीचा मासिक पास ९ युरोंवरून १९ वर गेला. कलम रद्द करणे संसदेच्या हाती आहे. हा पास पुन्हा स्वस्त करायला बर्लिनला संसदेची वाट पाहावी लागत नाही.